मध्यम स्तरावरील इंग्रजी प्रावीण्य परीक्षा आणि वनप्रदेशातील विद्यार्थी : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या संदर्भात पूर्वतयारीचा विचार

प्रस्तावना

महाराष्ट्रात सन २००० पासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी हा विषय शिकविला जाऊ लागला. त्यापूर्वी मराठी माध्यमाच्या शाळांमध्ये तो पाचवीपासून सुरू होत असे. पहिलीपासून इंग्रजी शिकलेली पहिली पिढी २०१५ च्या सुमारास पदवीधर झाली आणि त्यानंतरच्या अनेक तुकड्याही महाविद्यालयांतून बाहेर पडल्या. पंधरा वर्षे एक भाषा 'विषय' म्हणून शिकलेला विद्यार्थी त्या भाषेत काय करू शकतो, हा प्रश्न मात्र आपल्या परीक्षापद्धतीत क्वचितच विचारला जातो. विद्यार्थ्याला किती गुण मिळाले हे गुणपत्रिका सांगते. तो दूरध्वनीवरील सूचना समजून घेऊ शकेल काय, अनोळखी व्यक्तीशी चार वाक्ये बोलू शकेल काय, एखाद्या पत्राला मुद्देसूद उत्तर देऊ शकेल काय, हे गुणपत्रिका सांगत नाही.

चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. ताडोब्याच्या प्रवेशद्वारावरील स्थानिक मार्गदर्शक, परिचर्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेणारी विद्यार्थिनी, खाण वा कागद उद्योगात नोकरी शोधणारा पदवीधर आणि परदेशी शिष्यवृत्तीचे स्वप्न पाहणारा पदव्युत्तर विद्यार्थी या सर्वांना इंग्रजीचे पांडित्य नको असते. त्यांना कामचलाऊ पण भरवशाचे इंग्रजी हवे असते. आंतरराष्ट्रीय प्रावीण्य परीक्षांच्या परिभाषेत याच पातळीला 'मध्यम स्तर' म्हटले जाते. या स्तराच्या परीक्षेचे स्वरूप स्पष्ट करणे, वनप्रदेशातील विद्यार्थ्यांच्या भाषिक स्थितीशी त्याची सांगड घालणे आणि महाविद्यालयीन पातळीवर पूर्वतयारीची व्यवहार्य दिशा सुचविणे, ही प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे होत.

'मध्यम स्तर' : संकल्पना

युरोपीय परिषदेच्या पुढाकाराने १९७५ मध्ये यान फान एक यांनी 'थ्रेशोल्ड लेव्हल' ही संकल्पना मांडली. थ्रेशोल्ड म्हणजे उंबरठा. परक्या भाषेच्या घरात पाऊल ठेवून स्वतःच्या बळावर वावरता येण्यासाठी किमान काय यावे लागते, याचा तो आलेख होता. त्यात व्याकरणाच्या घटकांपेक्षा भाषेद्वारे साधावयाच्या कृतींना महत्त्व दिले गेले. विनंती करणे, नकार देणे, कारण सांगणे, अनुभव कथन करणे अशा कृतींची ही यादी पुढील काळातील अभ्यासक्रमांचा पाया ठरली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय सामायिक भाषा-संदर्भ आराखड्याने भाषाप्रावीण्याचे ए-१ ते सी-२ असे सहा स्तर निश्चित केले. त्यांतील बी-१ हा स्तर या उंबरठ्याशी जुळतो.

या स्तराची सर्वपरिचित परीक्षा म्हणजे केंब्रिज विद्यापीठाशी संलग्न संस्थेची 'बी-१ प्रिलिमिनरी'. ही परीक्षा १९८० पासून 'पेट' या संक्षिप्त नावाने ओळखली जात असे. भारतीय विद्यार्थ्यांना अधिक परिचित असलेल्या 'आयल्ट्स' या परीक्षेतील ४ ते ५ हे गुणांकन साधारणपणे बी-१ स्तराशी, तर ५.५ ते ६.५ हे गुणांकन बी-२ स्तराशी जुळते असे मानले जाते. परदेशी विद्यापीठे सामान्यतः बी-२ किंवा त्यावरील पातळीची अपेक्षा ठेवतात. म्हणजे बी-१ हे अंतिम ठिकाण नसून वाटेवरचे स्थानक होय; परंतु ते ओलांडल्याशिवाय पुढचा प्रवास होत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बी-१ स्तर निर्दोष भाषेची अपेक्षा करीत नाही. परिचित विषयावर मुख्य आशय समजणे, प्रवासात उद्भवणारे बहुतेक प्रसंग निभावणे, आपल्या आवडीच्या विषयावर साधी सुसंगत मांडणी करणे आणि मताला थोडक्यात कारण देणे, एवढेच त्याचे सार आहे. एखादा शब्द आठवला नाही तर वर्णनाने त्याची जागा भरून काढणे, हीदेखील या स्तराची मान्य क्षमता आहे. मोहफुलाला नेमका इंग्रजी शब्द न सापडलेला विद्यार्थी 'ते एका मोठ्या झाडाचे फूल आहे, उन्हाळ्याच्या तोंडावर पहाटे खाली पडते, आम्ही ते वेचून वाळवतो' एवढे सोप्या इंग्रजीत सांगू शकला, तर या स्तरावर ते यश होय. आपल्या पारंपरिक उत्तरपत्रिकेत मात्र अशा यशाला जागा नाही.

परीक्षेचे स्वरूप

जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या सुधारित रचनेनुसार या परीक्षेत वाचन, लेखन, श्रवण आणि संभाषण असे चार विभाग असून प्रत्येकाला २५ टक्के महत्त्व आहे.

वाचनाच्या ४५ मिनिटांत सहा भागांतील ३२ प्रश्न सोडवावयाचे असतात. सूचनाफलक व छोटे संदेश यांपासून प्रारंभ होऊन पुढे व्यक्तींच्या गरजांशी मजकुराची जोडणी, दीर्घ उतारा, गाळलेली वाक्ये आणि रिकाम्या जागा असा क्रम असतो. लेखनासाठीही ४५ मिनिटे असतात. त्यात सुमारे १०० शब्दांचे ई-पत्रोत्तर आवश्यक असते आणि तेवढ्याच लांबीचा लेख किंवा कथा यांपैकी एक निवडावयाची असते. श्रवणाची चाचणी सुमारे ३० मिनिटांची असून तिच्या चार भागांत २५ प्रश्न असतात आणि प्रत्येक ध्वनिमुद्रण दोनदा ऐकविले जाते. संभाषण चाचणीस सामान्यतः दोन परीक्षार्थी एकत्र बसतात व ती सुमारे १२ मिनिटे चालते. एक परीक्षक बोलतो, दुसरा केवळ ऐकून गुण देतो. आरंभीच्या प्रश्नोत्तरांनंतर छायाचित्राचे वर्णन, दोघांनी मिळून एखाद्या प्रश्नावर निर्णय घेणे आणि शेवटी चर्चा, असे तिचे टप्पे असतात.

निकाल केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा नसतो. १४० ते १५९ गुणांना बी-१ स्तर, १६० ते १७० गुणांना त्यावरील बी-२ स्तर, तर १२० ते १३९ गुणांना ए-२ स्तर प्रमाणित केला जातो. ज्याला जेवढे येते तेवढे नोंदवावे, ही यामागील दृष्टी आहे.

या रचनेची आपल्याकडील परीक्षेशी तुलना केली असता फरक स्पष्ट होतो. दहावी-बारावीच्या इंग्रजीत लेखी परीक्षेचा भार ८० गुणांचा व तोंडी वा अंतर्गत मूल्यमापनाचा २० गुणांचा असतो. येथे ऐकणे व बोलणे मिळून निम्मी परीक्षा होते. शिवाय येथे विहित पाठ्यपुस्तक नाही. त्यामुळे संभाव्य प्रश्नसंच, मार्गदर्शिका आणि पाठ केलेले निबंध या आपल्या नेहमीच्या साधनांचा उपयोग जवळजवळ संपतो.

वनजिल्ह्यांतील भाषिक वास्तव

१९८२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. २०११ मध्ये या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठाची स्थापना झाली. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोलीची लोकसंख्या १० लाख ७२ हजारांहून थोडी अधिक असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ३८.७ टक्के होते. जिल्ह्याचे सुमारे तीन-चतुर्थांश क्षेत्र वनाखाली आहे.

या प्रदेशातील विद्यार्थ्याला सरसकट 'मराठी माध्यमाचा' म्हणणे पुरेसे नाही. भामरागड व एटापल्लीकडे माडिया, धानोरा व लगतच्या भागांत गोंडी, सिरोंच्यात तेलुगू, कोरचीच्या सीमेवर छत्तीसगढी, जिवतीच्या डोंगरपट्ट्यात कोलामी, तर मुलचेरा व चामोर्शी तालुक्यांत पूर्व पाकिस्तानातून येऊन वसलेल्या कुटुंबांची बंगाली ऐकू येते. ज्यांची घरची भाषा मराठी आहे त्यांच्याही तोंडी बहुधा झाडीबोली असते. त्या बोलीत 'पाणी' हे 'पानी' होते आणि शाळेतील प्रमाण मराठी ही त्यांच्यासाठीही काही अंशी शिकलेली भाषा ठरते. अशा विद्यार्थ्यासाठी इंग्रजी ही दुसरी नव्हे, तर तिसरी किंवा चौथी भाषा असते.

ही स्थिती सामान्यतः अडचण म्हणून मांडली जाते आणि ती काही प्रमाणात अडचण आहेही. हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाची शाळा १९७६ मध्ये सुरू झाली. घरी केवळ माडिया बोलणाऱ्या मुलांना मराठी पाठ्यपुस्तकातून शिकविणे म्हणजे एका अनोळखी भाषेतून दुसऱ्या अनोळखी गोष्टीकडे जाणे होय, हा तेथील व अशा सर्वच शाळांपुढील प्रश्न राहिला आहे. धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, त्यामागेही हीच जाणीव होती.

परंतु या वास्तवाला दुसरी बाजू आहे. आजीला घेऊन ग्रामीण रुग्णालयात आलेली नात आजीची माडिया डॉक्टरांसाठी मराठीत आणते आणि डॉक्टरांचे मराठी आजीसाठी माडियात नेते. 'रक्तदाब' या शब्दाला घरच्या भाषेत पर्याय न सापडल्यास ती तो समजावून सांगते. आठवडी बाजारात तेलुगू व्यापाऱ्याशी व्यवहार करणारा मुलगा अर्धवट येणाऱ्या भाषेत भाव ठरवितो. समजले नाही तर पुन्हा विचारतो, हातवारे करतो, दुसऱ्याच्या वाक्यातील शब्द उचलून आपले वाक्य पुरे करतो. युरोपीय आराखड्याच्या २०२० च्या पूरक खंडात 'मध्यस्थी', म्हणजे एका भाषेतील आशय दुसऱ्यासाठी सुगम करणे, या क्षमतेला सविस्तर स्थान देण्यात आले. आपल्या विद्यार्थ्यांचा मोठा वर्ग ही क्षमता लहानपणापासून वापरत आला आहे. इंग्रजीच्या तासिकेत तो गप्प बसतो, कारण तेथे अपुऱ्या भाषेत काम चालविणे ही चूक मानली जाते. मध्यम स्तराच्या परीक्षेत मात्र तेच कौशल्य तपासले जाते. पूर्वतयारीचा विचार या जाणिवेपासून सुरू व्हावयास हवा.

तासांचे गणित

केंब्रिजच्या मार्गदर्शनानुसार प्रारंभापासून ए-२ स्तर गाठण्यास सुमारे १८० ते २०० मार्गदर्शित अध्ययन-तास आणि बी-१ स्तर गाठण्यास सुमारे ३५० ते ४०० तास लागतात. आपल्याकडील तासांचा ढोबळ हिशेब करून पाहता येईल. आठवड्याला इंग्रजीच्या पाच तासिका, प्रत्येक तासिका ३५ मिनिटांची आणि वर्षाला प्रत्यक्ष अध्यापनाचे ३० आठवडे एवढेच गृहीत धरले, तर वर्षाला सुमारे ८७ तास होतात. पाचवी ते बारावी या आठ वर्षांतच ही बेरीज ७०० तासांपर्यंत जाते. पहिली ते चौथीची वर्षे यात धरलेलीच नाहीत. म्हणजे कागदावर तरी तास कमी पडत नाहीत. कमी पडतो तो त्या तासांत विद्यार्थ्याने स्वतः भाषा वापरण्याचा वेळ.

हेही गणिताने दाखविता येते. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात शिक्षकाने दहा मिनिटे एकेकाला बोलते केले, तर प्रत्येकाच्या वाट्याला दहा सेकंद येतात. आठवड्यातून तीनदा असे केले, तरी तीस आठवड्यांत एका विद्यार्थ्याचे एकूण बोलणे पंधरा मिनिटे होते. तीच दहा मिनिटे जोड्या करून दिली, तर प्रत्येकाला पाच मिनिटे मिळतात आणि वर्षाअखेर हा काळ साडेसात तास होतो. वर्ग तोच, शिक्षक तोच, वेळही तोच. केवळ बसण्याची रचना बदलली की बोलण्याची संधी तीसपट होते. जोड्यांमध्ये गोंगाट होतो, चुका दुरुस्त होत नाहीत, विद्यार्थी मध्येच मराठीत बोलतात, हे आक्षेप खरे आहेत. तथापि पंधरा मिनिटांचे निर्दोष बोलणे आणि साडेसात तासांचे सदोष बोलणे यांत निवड करावयाची झाल्यास कोणत्या वाटेने प्रावीण्य येईल, याविषयी शंका नसावी.

या दृष्टीस भारतीय पूर्वपरंपराही आहे. एन. एस. प्रभू यांच्या नेतृत्वाखाली १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील शाळांमध्ये जो प्रयोग झाला तो 'बंगलोर प्रकल्प' म्हणून जगभर अभ्यासला गेला. रेल्वेचे वेळापत्रक, नकाशे, हिशेब अशा कृतींवर लक्ष केंद्रित असताना भाषा अधिक चांगली आत्मसात होते, हे त्याचे मध्यवर्ती प्रतिपादन होते. तो प्रयोग मोठ्या वर्गांत आणि मर्यादित साधनांतच झाला होता, ही बाब येथे विशेष महत्त्वाची ठरते.

कौशल्यनिहाय पूर्वतयारी

(अ) श्रवण : आपल्या विद्यार्थ्यांची सर्वाधिक दमछाक या विभागात होते. अनेकांना इंग्रजी शब्द डोळ्यांनी परिचित असतो, कानांनी नव्हे. देवनागरीत जसे लिहितो जवळपास तसेच वाचतो. इंग्रजीत तसे नाही. म्हणून पुस्तकाच्या समासात शब्दाचा उच्चार देवनागरीत लिहून ठेवण्याची सवय सर्वत्र आढळते. तिचा आरंभी आधार होतो, परंतु तीत आघात हरवतो. इंग्रजी बोलण्यात महत्त्वाच्या शब्दांवर भर पडतो आणि 'टू', 'ऑफ', 'अँड' यांसारखे शब्द जवळजवळ पुसले जातात. प्रत्येक अक्षर स्पष्ट ऐकण्याची सवय असलेल्या कानाला ते 'फार भरभर' वाटते. यावर उपाय म्हणजे थोडे पण रोज ऐकणे. आकाशवाणीचे इंग्रजी बातमीपत्र, परीक्षेच्या संकेतस्थळावरील विनामूल्य नमुने किंवा शिक्षकाने स्वतःच्या आवाजात भ्रमणध्वनीवर मुद्रित केलेली दोन मिनिटांची उद्घोषणा, यांपैकी काहीही चालेल. क्रम मात्र पाळावा. प्रथम प्रश्न वाचून अंदाज बांधावा, एकदा आशयासाठी ऐकावे, दुसऱ्यांदा तपशिलासाठी ऐकावे आणि शेवटी लिखित मजकूर समोर ठेवून ऐकावे. या शेवटच्या पायरीवर शब्दाचे डोळ्यांतील व कानांतील रूप एकत्र येते.

(आ) संभाषण : जोडीने निर्णय घेण्याची कृती स्थानिक विषयांतून सहज रचता येते. 'परदेशी पाहुण्याकडे एकच दिवस आहे. त्याला ताडोबा, मार्कंडा की आनंदवन येथे न्यावे?' या प्रश्नावर दोघांनी तीन मिनिटे बोलून एक निवड करावी. एकाजवळ बसचे वेळापत्रक आणि दुसऱ्याजवळ प्रवाशाच्या गरजा, अशी माहितीची वाटणी केल्यास बोलणे अपरिहार्य होते. परीक्षेत सोबत्याला उत्तर देणे, त्याचे मत विचारणे, त्याच्या मुद्द्यात भर घालणे यालाही गुण असतात. एकट्याने पाठ केलेले भाषण येथे उपयोगी पडत नाही. 'पुन्हा सांगाल का', 'मला असे म्हणायचे आहे', 'तुला काय वाटते' या अर्थाची दहा-बारा इंग्रजी वाक्ये प्रारंभीच हाती दिली, तर बोलणे अडून राहत नाही.

(इ) वाचन : परीक्षेचा पहिला भाग सूचनाफलकांचा आहे आणि असे इंग्रजी आता खेड्यातही पोहोचले आहे. औषधाच्या वेष्टनावरील सूचना, बँकेचा संदेश, भ्रमणध्वनीच्या योजनेची जाहिरात, अभयारण्याच्या प्रवेशद्वारावरील नियम हे सर्व वाचनपाठ होत. विद्यार्थ्यांनी आठवडाभरात पाच सूचना टिपून आणाव्यात आणि प्रत्येकीबाबत 'ही कोणासाठी, कशासाठी व काय करण्यास सांगते' हे तीन प्रश्न सोडवावेत. दीर्घ उताऱ्याबाबत ओळीनुसार भाषांतर करण्याची सवय जाणीवपूर्वक सोडवावी लागते. ४५ मिनिटांत ३२ प्रश्न म्हणजे प्रत्येकी दीड मिनिटाहूनही कमी वेळ. तेवढ्यात मनातल्या मनात मराठी करून वाचणारा मागे पडतो.

(ई) लेखन : ई-पत्रोत्तरात आलेल्या पत्रासोबतच्या चारही सूचनांना प्रतिसाद अपेक्षित असतो. सुंदर लिहूनही एक सूचना राहून गेली तर आशयाचे गुण घटतात. आशय, संप्रेषणाची योग्यता, रचना व भाषा या चार निकषांवर लेखन तपासले जाते. हेच निकष वर्गात लावून विद्यार्थ्यांनी परस्परांचे लेखन तपासावे. कथेच्या पर्यायासाठी या प्रदेशाइतका समृद्ध साठा क्वचित आढळेल. घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली गोष्ट प्रथम घरच्या भाषेत सांगणे, मग मराठीत तिचे पाच मुद्दे लिहिणे आणि शेवटी १०० शब्दांत ती इंग्रजीत लिहिणे, असा तीन पायऱ्यांचा सराव उपयुक्त ठरेल. यात मातृभाषा अडथळा न राहता पायरी बनते.

व्याकरणातील परिचित खुणा

मध्यम स्तरावर संपूर्ण व्याकरणाची उजळणी करण्याचा मोह टाळावा. आपल्या भाषांमुळे होणाऱ्या ठराविक चुकांवर लक्ष देणे अधिक फलदायी ठरते. 'काल मी नागपूरला गेलो होतो' या सहज मराठी वाक्याच्या प्रभावाने विद्यार्थी 'आय हॅड गॉन टू नागपूर येस्टरडे' असे लिहितो. तेथे 'आय वेंट' पुरेसे असते. मराठीत व गोंडीत इंग्रजीसारखी उपपदे नाहीत, त्यामुळे 'अ' व 'द' गळतात किंवा नको तेथे येतात. क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवण्याची आपल्या भाषांची रीत घाईत इंग्रजीतही उतरते. 'आपण' व 'आम्ही' यांतील भेद मराठीप्रमाणे गोंडीतही आहे, मात्र इंग्रजीत दोहोंसाठी एकच 'वुई' आहे. अशा तुलना वर्गात मोकळेपणाने केल्यास विद्यार्थ्याला आपली चूक अज्ञानातून नव्हे, तर दुसऱ्या भाषेच्या नियमातून आली आहे हे कळते. ही जाण भीड कमी करते.

एका शैक्षणिक वर्षाची आखणी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतरच्या पदवी आराखड्यात क्षमता-वृद्धी व कौशल्याधिष्ठित अभ्यासक्रमांना स्वतंत्र श्रेयांक आहेत. एका श्रेयांकास १५ तास या हिशेबाने दोन सत्रांत प्रत्येकी दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम घेतल्यास ६० तास उपलब्ध होतात. ए-२ पासून बी-१ पर्यंतचे अंतर सुमारे १५० ते २०० तासांचे आहे. म्हणून केवळ ६० तासांत सर्वांना बी-१ स्तरावर नेण्याचे आश्वासन देणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. परंतु वर्गाबाहेर आठवड्याला चार तासांचा नियोजित सराव तीस आठवडे झाला, तर त्यात १२० तासांची भर पडून एकूण १८० तास होतात आणि उद्दिष्ट आवाक्यात येते. वर्गाबाहेरच्या या तासांना अभ्यासक्रमाचाच भाग मानून त्यांची नोंद ठेवणे, ही या आखणीची मुख्य अट आहे.

आखणी चार टप्प्यांत करता येईल. प्रारंभी नमुना प्रश्नपत्रिकेवरून निदान-चाचणी घ्यावी. जे विद्यार्थी ए-२ स्तराच्याही खाली असतील त्यांना थेट परीक्षेच्या सरावात ओढू नये. पहिल्या सत्रात श्रवण व संभाषण यांना अर्ध्याहून अधिक वेळ द्यावा, कारण तेथेच पूर्वानुभव सर्वांत कमी असतो. दुसऱ्या सत्रात वाचन व लेखनाचा भार वाढवावा. शेवटच्या चार आठवड्यांतच घड्याळ लावून पूर्ण सराव-परीक्षा घ्याव्यात. पहिल्या दिवसापासून केवळ प्रश्नपत्रिका सोडविण्याने भाषा वाढत नाही, फक्त भीती वाढते.

मर्यादा व आक्षेप

या विचाराच्या मर्यादाही नमूद केल्या पाहिजेत. अशा परीक्षांची केंद्रे प्रामुख्याने मोठ्या शहरांत असतात आणि त्यांचे शुल्क सामान्य कुटुंबास जड जाते. सिरोंचा हे जिल्ह्याच्या मुख्यालयापासूनच सुमारे दोनशे किलोमीटर दूर आहे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हा अनेक पावसाळ्यांचा अनुभव आहे. तेंदूपत्त्याच्या हंगामात अनेक विद्यार्थी घरच्या कामात असतात. आंतरजालाची उपलब्धताही सर्वत्र सारखी नाही. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने ही परीक्षा द्यावी असा आग्रह येथे नाही. परीक्षेचा आराखडा व नमुने विनामूल्य उपलब्ध असल्याने महाविद्यालयाने त्या धर्तीवर स्वतःची चाचणी घ्यावी, आणि ज्यांना शिक्षणासाठी वा नोकरीसाठी प्रमाणपत्राची खरोखर गरज आहे त्यांनीच मूळ परीक्षेकडे जावे. ध्वनिमुद्रणे एकदा भ्रमणध्वनीत उतरवून दिली, तर जोडणी नसलेल्या गावातही सराव चालू राहतो.

परदेशी मोजपट्टी आपल्या विद्यार्थ्यांना का लावावी, हा आक्षेपही विचारात घेण्याजोगा आहे. नमुना प्रश्नांतील सहली, छंद व सुट्ट्यांचे जग आपल्या विद्यार्थ्यांना अपरिचित वाटते. यावर उत्तर असे की मोजपट्टीची रचना घ्यावी, आशय आपला ठेवावा. परीक्षा कृती तपासते आणि त्या कृती मोहफुलांवर बोलतानाही तेवढ्याच होतात. वर्षाच्या उत्तरार्धात परीक्षेतील अपरिचित विषयांचा परिचय करून देता येतो. आरंभ मात्र परिचितापासून व्हावा. इंग्रजीची तयारी म्हणजे घरच्या भाषेची हकालपट्टी, हा समज या परिसरात विशेष घातक आहे. जी भाषा शाळेच्या दाराबाहेर ठेवावी लागते, तिच्यासोबत विद्यार्थ्याचा आत्मविश्वासही बाहेर राहतो.

समारोप

मध्यम स्तरावरील इंग्रजी प्रावीण्य परीक्षा अपुऱ्या भाषेनिशी काम पूर्ण करण्याची क्षमता तपासते. चंद्रपूर व गडचिरोलीच्या विद्यार्थ्यांमध्ये ही क्षमता नाही, असे म्हणता येत नाही. ती बाजारात, बसस्थानकावर आणि रुग्णालयाच्या रांगेत रोज दिसते. इंग्रजीच्या वर्गात मात्र तिला प्रवेश मिळत नाही. पूर्वतयारीचे काम म्हणजे तिला तो प्रवेश देणे होय. त्यासाठी मोठ्या निधीची वा अद्ययावत प्रयोगशाळेची वाट पाहण्याची आवश्यकता नाही. शिक्षकाने स्वतःच्या बोलण्यातील काही मिनिटे विद्यार्थ्यांना देणे, जोड्या करणे, रोज थोडे ऐकविणे आणि चुकीला कामाचा भाग मानणे, एवढ्याने आरंभ होऊ शकतो. आजीसाठी डॉक्टरांशी बोलणारी नात उद्या परीक्षकासमोर बसेल तेव्हा तिच्याजवळ शब्द कमी असतील. परंतु शब्द कमी असताना काय करावे, हे तिला आधीच माहीत आहे. ते इंग्रजीतही करता येते, याचा अनुभव तिला महाविद्यालयातच मिळाला पाहिजे.